बंद करण्याचं कारण

घरच्या कॉम्प्युटरवर मी ऑफिसच्या सर्व्हरचीच सिस्टिम टाकली आहे. भक्कम काम! फालतू खेळ नाहीत, आवाजसुद्धा मुळातच बंद. आणि कॉम्प्युटर बंद करायला गेलं, की आधी कारण लिहायला लावते. बटण दाबलं आणि पळालं, असले लाड नाहीत.

आज दाराला किल्ली लावली, तर आत कॉम्प्युटरमधून कोणाचा तरी आवाज येत होता आणि बायको खळखळून हसत होती. दार उघडेपर्यंत सगळं चिडीचूप.

"कोण होतं?"

"कोण असणार? कॉम्प्युटर बंद करतेय."

"त्याचा आवाज कोणी चालू केला?"

"मीच. सापडला एकदाचा."

"अस्सं! आणि कोणाशी चाललं होतं एवढं खिदळणं?"

"ताईशी बोलत होते हो."

ताईशी? माझ्यासमोर तर ताईशी 'हो', 'बरं', 'ठेवते' यापलीकडे कधी गेली नाही. पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं. तिला बाजूला सारून मी स्क्रीनसमोर गेलो. कारण घेतल्याशिवाय सिस्टिम बंद होत नव्हती, आणि बायकोने घाईघाईत ते लिहूनही ठेवलं होतं.

"हे आले."