दुखण्याचा आकडा

"आज किती?" स्मृतीने विचारलं.

"सहा," संयोगिताबाई म्हणाल्या.

खरा आकडा नऊ होता. कालही नऊ होता, परवाही. पण स्मृतीने वहीत सहा लिहिलं, तिच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली, आणि संयोगिताबाईंना खोटं बोलल्याचं सार्थक वाटलं.

हेब्बाळच्या हॉस्पिटलातलं हे त्यांचं सातवं सिटिंग. एकूण वीस होती. मल्टिपल स्क्लेरोसिसने अकरा वर्षांत त्यांचं चालणं नेलं होतं, ते एक वेळ परवडलं. पण दोन्ही पायांत पेटलेली आग परवडत नव्हती. नसांवरचं आवरण झिजलं की असं होतं, डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळ्यांनी झोप यायची, आग जायची नाही. म्हणून आता हा चुंबकाचा उपाय. खुर्चीत बसायचं, कानांत बोळे घालायचे, आणि डोक्यावर धरलेलं यंत्र वीस मिनिटं टकटक करत मेंदूला जागं करणार. चिरफाड नाही, भूल नाही. लागू पडेलच असंही नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. रोज बसण्याआधी पेशंटने शून्य ते दहामध्ये आपलं दुखणं सांगायचं.

"अक्का, मान स्वल्प वर," यंत्र चालवणारा प्रणीत कानडीमिश्रित मराठीत म्हणाला. संयोगिताबाईंनी मान वर केली आणि डोळे मिटले.

दुखणं सांगायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं मराठी घराणं. तलवारी गेल्या, बँकेतल्या नोकऱ्या आल्या, ऐट तेवढी शिल्लक राहिली. कुणी विचारलं तर 'बरं आहे' म्हणायचं, असं सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. संयोगिताबाईंचे यजमान छातीत कळ येत असताना 'बरं आहे' म्हणत जेवणावरून उठले, आणि हात धुवायला जाताना कोसळले. स्मृती तेव्हा नववीत होती.

आता तीच स्मृती व्हाइटफील्डच्या एका कंपनीत होती आणि कंपनी तिला दोन वर्षं हॅम्बुर्गला पाठवायला तयार होती. सिटिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणाली होती, "तुझा आकडा तीनच्या खाली येतो का बघू. तोवर मी कसलाच निर्णय घेणार नाही."

आपल्या पायांपायी पोरीचा पाय अडकलाय, हे संयोगिताबाईंना सुईसारखं टोचत होतं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, आकडा उतरवायचा. एकदम नाही, स्मृती हुशार होती. दोन दिवस सहा, मग साडेपाच, मध्येच एकदा परत सहा, मग पाच. पूर्वी त्यांना पायांवर पातळ चादरसुद्धा सोसायची नाही. आता स्मृती खोलीत आली की त्या स्वतः चादर ओढून घ्यायच्या आणि दात आवळून हसायच्या.

स्मृतीच्या चौकशा संपत नव्हत्या. कितव्या सिटिंगपासून फरक पडतो? नंतर डोकं जड होतं का? थांबवलं की आग परत येते का? प्रणीत बिचारा उत्तरं देऊन दमायचा. मूळचीच चौकस, संयोगिताबाईंना कौतुक वाटायचं.

पोरीची आवराआवरही सुरू झाली होती. तिने स्कूटर विकून टाकली. "ट्रॅफिकचा कंटाळा आलाय, ऑफिसची कॅब बरी," म्हणाली. दोनदा तिच्या हातून कॉफीचा पेला सुटला. मन हॅम्बुर्गला पोचलं की हातात लक्ष कुठलं राहणार, असं म्हणून संयोगिताबाईंनी कामवालीकडून फरशी पुसून घेतली.

ती गेल्यावर घर खायला उठेल, हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी एकट्या असताना त्या त्याचीच रंगीत तालीम करायच्या. टीव्ही बंद, फोन लांब, आणि पायांत ती आग. एकदा पोटभर रडूनही घेतलं. मग तोंड पुसलं आणि नणंदेला, अंबुबाईंना, फोन करून सोबतीला येण्याबद्दल विचारून ठेवलं.

विसाव्या दिवशी स्मृतीने विचारलं, "आज किती?"

"दोन."

स्मृतीने आकडा लिहिला आणि त्याच्यावर बोट ठेवलं. "खरंच दोन?"

"तुझी शपथ," संयोगिताबाई म्हणाल्या. एवढं मोठं खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

सिटिंग झालं. प्रणीतने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. व्हरांड्यात ऊन आलं होतं. संयोगिताबाईंनी लेकीचा हात धरला.

"आता आजच हॅम्बुर्गला होकार कळव. अंबुबाई यायला तयार आहेत."

"हॅम्बुर्गला मी जूनमध्येच नाही म्हटलं, आई."

"नाही म्हटलं? मग रोज आकडा कशाला विचारत होतीस?"

स्मृती त्यांच्या खुर्चीशेजारच्या बाकावर टेकली. बसताना तिने भिंतीचा आधार घेतला.

"रागावू नकोस. मे महिन्यात माझा एमआरआय झाला. तुझ्यासारखाच आलाय."

संयोगिताबाईंची नजर तिच्या पायांकडे गेली.

"पायांतली आगही तीच. जन्मभर असंच जळायचं असेल तर जगायचं तरी कशाला, असं वाटायचं गं. म्हणून ठरवलं, तुझे वीस दिवस बघायचे. तुला गुण आला तर मलाही येईल."

दार उघडून प्रणीतने हाक मारली. "स्मृती मॅडम, या. तुमचं पहिलं सिटिंग."

स्मृती उठली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवलेला दिसत होता. तिने आईच्या गालाला हात लावला.

"तुझा आकडा रोज उतरत होता ना," ती म्हणाली, "त्याच्यावरच मी दिवस काढले."