झिंगूचे नऊ गडी

"बुक ठेवा इथी," क्लबचे अध्यक्ष कुलदीपभाऊ म्हणाले. बसा म्हणायचं ते सोयीस्कर विसरले.

नूतननं धावांचं जुनं बुक टेबलावर ठेवलं. शेजारी तिचे सासरे हरिदास रामटेके काठीवर भार टाकून उभे होते. वय पंच्याहत्तर. राजुऱ्याहून चंद्रपूरला खेटे घालायचं त्यांचं हे अकरावं वर्ष. दर वेळी तीच मागणी आणि दर वेळी हात हलवत परत.

बाहेर मैदानावर नव्या पॅव्हेलियनला रंग लागत होता. उद्या त्यावर पाटी चढायची होती. 'सन १८९३. कामठीच्या गोऱ्या पलटणीचे नऊ गडी एकट्याने बाद करणारे रावसाहेब पिंपळापुरे.'

"नऊही गडी माझ्या आज्यानं काढले," हरिदास म्हणाले. "झिंगूनं. माझ्या बापानं मले सांगतलं."

"अशा कथा घरोघरी असतात, हरिदासभाऊ."

नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे कथा! झिंगू याच मैदानावर पाणी मारायचा, रोलर ओढायचा. साहेबांना सराव हवा म्हणून एकदा त्याच्या हाती चेंडू दिला, तर त्यानं साहेबाचीच दांडी उडवली. मग सहा हंगाम त्याला अनवाणीच गोलंदाजी करायला लावली. गडी बाद करायला झिंगू हवा, चहाला मात्र तंबूबाहेर, स्वतःचं मडकं घेऊन. कामठीच्या सामन्यानंतर त्याला कोणी बोलावलंच नाही. उरलेला जन्म कोळशाच्या खाणीत गेला. कुणाला लाज वाटली का? एकालाही नाही.

"चोपन्नावं पान बघा," ती म्हणाली.

पानावर नऊ ठिकाणी झिंगूचं नाव होतं. नऊही ठिकाणी ते खोडून वर रावसाहेबांचं लिहिलं होतं. खालचं नाव तरीही स्वच्छ वाचता येत होतं.

कुलदीपभाऊंनी बुक जवळ ओढलं. "हे कुठी भेटलं?"

"घरी. जुन्या पेटीच्या तळाशी."

"क्लबचं बुक रामटेक्याच्या घरी? म्हणजे उचलून नेलं असन कोणीतरी."

"हो. उचलूनच नेलं होतं."

 हरिदासांनी तोंड उघडलं, पण नूतननं हळूच त्यांचं मनगट दाबलं.

"तुमच्या लोकाइले आता पाटी दिसली का नाव पाह्यजे," कुलदीपभाऊ म्हणाले. टेबलाभोवती बसलेले समितीचे चौघे हसले. "हे पाहा बाई, मोठ्या घराण्याच्या इज्जतीचा सवाल आहे. आपल्या इथी रीत आहे, घराण्याचं नाव घरच्यानंच उतरवावं. क्लबच्या नियमातबी तेच आहे. रावसाहेबाच्या रक्ताचं कोणी सही करून देऊ द्या, मी आत्ता पेंटरले बोलावून झिंगू लिहाले लावतो."

"शब्द देता?"

"या चौघांसमोर देतो."

उदार व्हायला त्यांचं काय जात होतं! रावसाहेबांचा शेवटचा नातू मागच्या साली नागपूरला वारला. मागे मुलगा नव्हता. हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर जीभ अशी सैल सुटली होती.

"एक कोरा कागद द्या," नूतन म्हणाली.

"काऊन? आनखी एक अर्ज?" कुलदीपभाऊंनी हसत कागद पुढे सरकवला. "लिहा, लिहा. अकरा झाले, बारावा होऊन जाऊ द्या."

तिनं उभ्यानंच लिहिलं. रागानं पेन इतकं रुतत होतं की कागद दोनदा फाटता फाटता राहिला. मग सही ठोकली आणि कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला.

कुलदीपभाऊंनी चष्मा चढवला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतलं.

"मी, सौ. नूतन रामटेके, माहेरची पिंपळापुरे. रावसाहेब माझे सख्खे पणजोबा. हे बुक माहेरी त्यांच्याच पेटीत होतं. खाडाखोड त्यांच्याच हातची आहे."