एकमाशीसाहेब

"त्या माशीचं डोकं मला नीट पाहायचंय," फोनवरची बाई म्हणाली. "मनात काहीतरी आहे. फोनवर नको, समोरच बोलू."

"या ना, अवश्य या," म्हणत ताईने फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिली. कधीतरी माशी शिंकणारच होती, ती आज शिंकली.

बाई साधीसुधी नव्हती. माश्या ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भल्याभल्यांच्या नामांकित जाती तिने भिंगाखाली घालून मोडीत काढल्या होत्या. आता तिची नजर बाबांच्या माशीवर गेली होती.

ताई संग्रहालयाच्या कीटक विभागात होती. तिच्या आधी तिथे बाबा होते. "लोक माश्या मारत बसतात ते फुकट, आम्हाला त्याचा पगार मिळतो," असं ते हसत सांगायचे.

बाबांच्या नावावर एकच नवी जात होती. अंग काळंकुळकुळीत, तोंड पिवळंधमक. सगळ्या जगात तिचा हा एकच नमुना, टाचणीला टोचलेला. पुढे कुणालाच दुसरी सापडली नाही. हेवा करणारे बाबांना पाठीमागे 'एकमाशीसाहेब' म्हणायचे. बाबांच्या कानावर ते आलं होतं. "सापडेल हो दुसरी," एवढंच बोलायचे आणि फिरायला जाताना जाळी सोबत घ्यायचे.

खरं काय ते ताईला एकटीला ठाऊक होतं. ती तेव्हा नुकती कामाला लागली होती. बाबा जेवायला गेलेले असताना तिच्या हातून एक पेटी पडली. जुन्या, वाळलेल्या माश्या त्या. दोघींची डोकी तुटून बाजूला पडली. एकीचं धड चिरडलं, दुसरीचं शाबूत राहिलं. कुठलं डोकं कुणाचं, हे त्या घाबरलेल्या पोरीला काय कळणार? तिने त्यातलं एक उचललं, सुईच्या टोकाने डिंक लावून शाबूत धडावर बसवलं, बाकीचं कचऱ्यात टाकलं आणि हात धुतले.

बाबा त्या पेटीपर्यंत पोचायला बरेच महिने गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं, ग्रंथ काढले, पुन्हा पाहिलं. तोंड बघावं तर माशी एका गटातली, अंग बघावं तर दुसऱ्याच. कुठल्याच वर्णनात ती बसेना. बाबा आनंदाने खोलीभर फेऱ्या मारत राहिले. ताईच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तोंड उघडेना. मग निबंध छापून आला, सत्कार झाला आणि बोलायची वेळ निघून गेली. सत्काराच्या फोटोत ती मान खाली घालून उभी आहे. लोकांना वाटतं, पोरगी लाजाळू.

आता ही बाई मानेवरचा डिंक बघणार. बाबांनीच डोकं चिकटवून जात बनवली, असं जगभर होणार. या वयात.

माशी चिमटीत धरून चुरडावी, म्हणून ताईने टाचणी उचललीही. हात चालेना. मग तिने जे केलं, ते तिच्या धंद्यातलं माणूस दुश्मनाच्या संग्रहालयातही करणार नाही. अडगळीतल्या एका पेटीला अळ्या लागल्या होत्या. बारीक, केसाळ अळ्या त्या, मेलेले वाळके किडे फस्त करणाऱ्या. त्यातल्या थोड्या तिने कागदावर घेतल्या आणि बाबांच्या माशीच्या पेटीत सोडल्या. आतली डांबरगोळी काढून खिशात टाकली, झाकण लावलं. स्वतःची अशी शिसारी आली, की घरी बाबांसमोर जेवायला बसवेना.

"काय गं, बरं नाही का?" बाबांनी विचारलं.

"डोकं दुखतंय जरा."

"जप बाई. पाहुणीसमोर मला तू हवीस. मला आता बारीक काही दिसत नाही."

काही आठवड्यांनी, पाहुणी यायच्या आदल्या दिवशी, ताईने पेटी उघडली. टाचणी तशीच उभी होती, खाली चिमूटभर भुकटी. तिने झाकण लावलं. उद्या सगळ्यांदेखत ते उघडायचं आणि धक्का बसल्याचं तोंड करायचं, बस्स. अळ्या काय, कुठेही पडतात. तिने आरशासमोर ते तोंड करून पाहिलं आणि लगेच दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून विभागात येऊन बसले. पाहुणीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, तुमचा निबंध वाचून मी या नादाला लागले."

गोड बोलून गळा कापणारी दिसते, ताईच्या मनात आलं.

"डोक्याचं काय म्हणत होतात?" बाबांनी विचारलं.

"काळ्या अंगावर ते पिवळं तोंड मला कधी खरंच वाटलं नाही, सर. कुणीतरी चिकटवलं असणार, असं मी वर्गात शिकवत आले."

बाबांचा चेहरा उतरला. ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"म्हणून तर समोर यायचं होतं," पाहुणी म्हणाली. तिची मान खाली गेली होती. "माफी फोनवर मागवेना. आता तुमच्या मूळ माशीशी ताडून पाहायचं तेवढं राहिलंय. त्याशिवाय काही ठरणार नाही." तिने पिशवीतून जाळीच्या झाकणाची बरणी काढून टेबलावर ठेवली.

आत माश्या उडत होत्या. काळ्याकुळकुळीत, पिवळ्याधमक तोंडांच्या.

बाबांनी बरणी पार नाकाशी नेली.

"एकटी पडली होती गं बिचारी," ते म्हणाले आणि डोळे पुसून त्यांनी ताईपुढे हात केला. "बघत काय राहिलीस? आण आपली."