राउटरला ऊन लागलं

नेट दुरुस्त करायला आलेल्या धम्मदीपनं राउटरवरचा ओला दुपट्टा उचलला, तसा त्याखालून एक कांदा घरंगळला आणि पलंगाखाली गेला.

"हे काय होय, मावशी?"

रुख्मिणीबाई कांदा काढायच्या निमित्तानं वाकल्या. सकाळीच त्यांनी तो दुपट्टा काढून, पिळून दोरीवर वाळत टाकला होता. त्या अंघोळीला गेल्या तेवढ्यात मालकांनी, खुशालरावांनी, पुन्हा डाव साधला. मे महिन्यातलं अकोला ते. अशा उन्हात माणूस डोक्याला ओला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो. खुशालरावांनी राउटरला हात लावून पाहिला, अंग तापलेलं लागलं, म्हणजे ऊन लागलं. पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या माणसाचा हा हिशेब.

ही गोष्ट नितेशच्या कानावर जाता कामा नये. नितेश त्यांचा मुलगा, अमरावतीला, अवघ्या दोन तासांच्या वाटेवर. त्याच्या सासऱ्यांचं मागच्या वर्षी असंच सुरू झालं होतं. सहा महिन्यांत त्यांना विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या एका केंद्रात ठेवलं. "तिथंच बरं आहे त्यायले," नितेश फोनवर म्हणाला होता. ठेवलं! माणूस म्हणजे काय पिठाचा डबा आहे, उचलून कुठंही ठेवायला? तेव्हापासून रुख्मिणीबाई रोज व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला खेटून बसत आणि त्यांची उत्तरं आपणच देत. दोन दिवस नेट बंद पडलं, कॉल झाला नाही, म्हणून नितेशनंच तक्रार टाकली होती.

धम्मदीपनं राउटर उलटा केला. फटीतून दोन थेंब फरशीवर पडले.

"आठ वर्षं जुना आहे. वाळवून पाहतो, रेटन महिनाभर. नाहीतर नवा आणला आहे, लावून देतो. पण नवा लावला तर मले कारण लिहा लागते, अन् कनेक्शन नितेशभाऊच्या नावावर, त्यायच्या फोनवर ओटीपीचा नंबर येते, तो त्यायले विचारा लागते."

"जुनाच राहू दे," रुख्मिणीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "जुनं ते सोनं."

त्यानं राउटर पुसला, पंख्याखाली धरला, वायर खोचली. दिवे लाल झाले. बराच वेळ लालच राहिले. मग एक लुकलुकला आणि हिरवा झाला. रुख्मिणीबाईंनी मनातल्या मनात देवीला नारळ कबूल केला.

तेवढ्यात न्हाणीतून खुशालराव आले. हातात पाणी गळणारा पंचा.

"उघडं काहून ठेवलं त्याले?" ते धम्मदीपवर खेकसले. "मारता का? अंग पहा त्याचं, चटके देऊन राहिलं!"

आणि कोणी आडवं यायच्या आत पंचा राउटरवर पडला. आतून चर्र आवाज झाला. दिवे गेले ते गेलेच.

धम्मदीप आधी खुशालरावांकडे पाहत राहिला, मग रुख्मिणीबाईंकडे. काय ते त्याला कळलं होतं.

"आता नवाच लावा लागते, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "वर ठोकून देतो, त्यायचा हात पुरणार नाही."

"कारण काय लिहिशीन?"

"पाणी गेलं म्हणून. पण कसं गेलं, हे भाऊ विचारतीनच."

आणि नितेशनं तेच विचारलं. धम्मदीपनं फोन स्पीकरवर टाकला होता. "पाणी? घरातल्या घरात पाणी कसं गेलं त्याच्यात?"

धम्मदीपनं तोंड उघडायच्या आत रुख्मिणीबाई बोलून गेल्या. "म्या टाकला ओला दुपट्टा. लय तापलं होतं, तर म्हटलं ऊन लागलं असन त्याले."

मग नितेशचा आवाज आला, लहान पोराशी बोलावं तसा मऊ. "आई, आज वार कोणता आहे? सांग बरं मले."

नितेशच्या सासऱ्यांना डॉक्टर हेच विचारायचे.

वार. रुख्मिणीबाईंनी ओठ उघडले. सोमवारचा उपवास होऊन किती दिवस झाले? काल मुगाच्या वड्या टाकल्या, की परवा? काहीच हाताला लागेना. घाबरल्यामुळं आठवत नाही, की आठवतच नाही? हे मनात आलं मात्र, आतापर्यंतची सगळी भीती त्यापुढं किरकोळ वाटली.

"गुरुवार!" पलंगावरून खुशालराव खणखणीत आवाजात म्हणाले.

गेले तीन महिने ते रोजच गुरुवार सांगत. आज तो खरोखरच होता.

"बाबा, तुम्ही आहात का जवळ?" नितेशचा जीव भांड्यात पडला. "मंग चिंता नाही. आईकडे जरा लक्ष ठेवा. अन् आई, बाबाले विचारल्याशिवाय काही करत नको जाऊ. रविवारी येतो मी, डॉक्टरले दाखवू तुले."

"हाव," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

नितेशनं नंबर सांगितला. धम्मदीपनं नवा राउटर उंच ठोकून दिला. त्याचे सगळे दिवे एका दमात हिरवे झाले. उद्या सकाळी नितेशला दोघांचेही चेहरे अगदी स्वच्छ दिसणार होते.

खुशालराव मघापासून रुख्मिणीबाईंना निरखत होते. धम्मदीप पिशवी उचलून निघाला, तशी त्यांनी त्याची बाही धरली.

"बाप्पा, तुयाजवळ गाडी आहे न," ते हळूच म्हणाले, "या बाईले तिच्या घरी सोडून दे. तिले काही आठवत नाही म्हणते. घरचे वाट पाहत असतीन तिची."