सतरा नंबरची बाटली

“गोळी गिळायची असते, रुपराव. चावायची नाही,” डॉ. मोहरील म्हणाले.

“जनमभर तंबाखू चघळला जी. आता या वयात मले गियाले काहून सांगता?” रुपराव हसले. लकडगंजच्या आरागिरणीत लाकूड चिरणारे त्यांचे हात टेबलावर शांत पडले होते. सहा महिन्यांपूर्वी याच हातांत पाण्याचा पेला ठरत नव्हता. “अन् खरं सांगू का? पहिल्याच दिवशी वळखलं मी. जवसाचं तेल हाय याच्यात.”

डॉक्टरांचे पेन थांबले.

तेलातल्या मेदाम्लांनी दारूची ओढ कमी होते का, हे तपासण्यासाठी धंतोलीतल्या त्या दवाखान्यात १९८४ साली चाळीस माणसांवर प्रयोग चालू होता. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये जवसाचे तेल होते. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसते पॅराफीन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. उत्तरे मोहोरबंद पाकिटांत होती. तेलाच्या गुणाविषयी मोहरीलांना फारशी आशा नव्हती. आदर होता तो पद्धतीविषयी. रुग्णाने औषध ओळखले, तर पाकीट उघडायचे, नाव वगळायचे आणि कॅप्सूल बंद करायच्या, हा नियम त्यांनी स्वतः लिहिला होता.

“ओळखलंत कसं?”

“रुखमा अंबाडीच्या भाजीवर कच्च्या तेलाची धार सोडे. घाण्यावरून ताजं आनाची. तोच वास, तोच कडूपना.” रुपरावांचा आवाज खाली आला. “सांजच्याले दारूच्या भट्टीकडं पाय वयले, का एक गोळी चावतो. मंग वाटते, घरी चूल पेटली असन. अन् पाय घराकडं फिरते जी.”

घरी चूल पेटत नव्हती. बायको रुखमाबाई दीड वर्षापूर्वी काटोलला भावाकडे निघून गेल्या होत्या. सहा महिने थेंब घेतला नाही तर येईन, एवढेच त्या बोलल्या होत्या.

“रविवारी येऊन राहिली ते,” रुपराव म्हणाले. “अन् इथं बाटलीच सरली. नवी द्या.”

मोहरीलांनी खणातून रुपरावांचे, सतरा क्रमांकाचे पाकीट काढले. मोहोर फोडली. आतल्या चिठ्ठीवर एकच शब्द टंकलेला होता. तो त्यांनी दोनदा वाचला.

पॅराफीन.

“हाय ना जवसच?” रुपरावांनी विचारले.

वीस वर्षांत मोहरीलांनी नोंदवहीत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. आजही लिहिला नाही. सतरा क्रमांकावर त्यांनी तांबड्या शाईने रेघ मारली. मग ते उठले. कपाटात त्या क्रमांकाच्या दोन बाटल्या उरल्या होत्या; त्यांतली एक त्यांनी रुपरावांपुढे ठेवली.

“यापुढे चावूनच घेत जा,” ते म्हणाले.

रुपराव बाटली दोन्ही हातांनी धरून निघून गेले.

एक वाजला. मोहरीलांनी खानावळीचा डबा उघडला. पत्नी इंदूबाई वारल्याला तीन वर्षे झाली होती आणि तेव्हापासून ते घड्याळाकडे पाहून जेवत. त्यांच्या हातच्या गोळाभातावरची हिंगाची फोडणी कशी लागे, हे आठवून पाहणे त्यांनी पहिल्याच वर्षी सोडून दिले होते. चवीचा काही पुरावा शिल्लक राहत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांनी डबा तसाच बाजूला सारला. दाराला कडी लावली. कपाटातली सतरा नंबरची शेवटची बाटली उघडून एक कॅप्सूल चावली, डोळे मिटले आणि ते वाट पाहू लागले.