झाकणाच्या आतली ओळ

"नुसतं पुसून द्या. उघडायचं नाही," असं संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने दोनदा बजावलं होतं. पण घड्याळजीला राहवेना. सेनापतींचं घड्याळ रोज थोडंच हाती येतं!

याच घड्याळाने शहर वाचवलं, असं शाळेत शिकवत. शत्रू वेशीवर आला होता. पूल सहाला उडवणार, त्याआधी पलीकडे या, असा सेनापतींनी शब्द दिला. हेच घड्याळ हातात धरून त्यांनी तो पाळला. पुलावर तेव्हा एकशे चाळीस माणसं होती. त्यांची घड्याळं मागे होती, असा निकाल लागला. स्मारकावर 'उशिरा आलेल्यां'ची नावं नाहीत. घड्याळजीची आई त्यांतलीच.

आत्या कोपऱ्यात बसली होती. दवाखान्याची वेळ चारची, ही एकपासून तयार. पूल उडाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिचा एक बूट सापडेना म्हणून घरातून निघायला उशीर झाला. तान्ह्या घड्याळजीला कडेवर घेऊन ती पुढे धावली. सामान घेऊन मागून येणारी वहिनी पुलावरच राहिली. त्या एका बुटापायी आत्या साठ वर्षं मान खाली घालून जगली.

घड्याळजीने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. आत वडिलांचं अक्षर! पुढचा कारागीर फसू नये म्हणून घड्याळाचा दोष ते असा सुईने कोरून ठेवत. तारीख पुलाच्या आदल्या दिवसाची होती.

'वीस मिनिटं पुढे. दुरुस्त करू नये. सेनापतींचा हुकूम.'

 सेनापतींना पूल लवकर उडवायचा होता, आणि शब्द पाळल्याचं नावही हवं होतं. भिंतीवर सेनापतींनी वडिलांना दिलेलं प्रशस्तिपत्र होतं. ते कशाबद्दल, हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर संग्रहालयाची गाडी येऊन थांबली. दोघे गणवेशातले उतरले. घड्याळजीने झाकण लावलं नाही.

"आत्या, तुम्हाला उशीर झालाच नव्हता," तो म्हणाला आणि ती ओळ त्याने वाचून दाखवली.



"दादाचं अक्षर? नक्की?"

"हो."

"मरेपर्यंत माझ्या हातचं जेवला," ती म्हणाली, "आणि रोज म्हणायचा, तुझ्या त्या बुटाने घात केला."