पोटऱ्या

“चढलं! म्हातारं शिडी चढलं!” चिंधू वस्तादांनी आवाज टाकला आणि तालमीतली सगळी पोरं फिदीफिदी हसली.

म्हातारं म्हणजे वस्तादांचा विशीतला नातू, निलेश. बैठका मारता मारता मातीत टेकला की त्याला सरळ उठता येत नसे. आधी हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा तो स्वतःच्याच अंगावर चढत उभा राही. सत्तरी ओलांडलेले वस्ताद मात्र अजूनही कशाला हात न लावता उठत, आणि ते सगळ्यांनी पाहिलं की नाही हेही बघून घेत.

निलेशची बहीण मोनाली उंबऱ्याबाहेर उभी होती. बायकांनी तालमीत पाय ठेवायचा नाही. पुण्यात फिजिओथेरपी शिकत असली तरी तिने ही रीत मोडली नव्हती.

“आबा, रिपोर्ट आलाय. परवा जत्रेत निलेशला कुस्तीत उतरवू नका. आणि ह्या बैठका आजपासून बंद करा.”

“तितनंच बोल. काय लावलंय डॉक्टरनं?”

तिने मोबाइल उंच धरला. निलेशच्या मांडीतून काढलेला कणभर तुकडा मोठा करून दाखवलेला होता, आणि शेजारी एका धडधाकट माणसाचा.

“आवणाला आपण भाताच्या रोपांच्या मुठी बांधतो न्हवं, तसा असतोय स्नायू. बारीक धागे एकमेकांना खेटून, त्यांची एक मूठ, मुठीला आवरण. अशा कितीतरी मुठी मिळून एक स्नायू. हा बघा चांगला. आणि हा आपल्या निलेशचा. धागे मरत चाललेत, मधे चरबी भरतीय.”

“चरबी?” वस्तादांना हसू आवरेना. “आगं, घाम गाळला की चरबी जळती! येवढं कळायला कालिजात जावं लागतं व्हय?”

“ही जळत न्हाई, आबा. जन्माचा दोष हाय. जेवढा ताण द्याल तेवढे उरलेले धागे लवकर तुटतील. मग तो चालायचाही राहील.”

वस्ताद मातीत थुंकणार होते, पण माती तालमीची होती. पावडरीचे डबे खाऊन फुगलेले जिमवाले, एका मजल्यासाठी लिफ्ट लागणारे नांदे गावातले नवे सोसायटीवाले आणि जरा कळ आली की दवाखाना गाठणारे, या सगळ्यांची त्यांना किळस होती. आता त्यांच्याच घरात तसलं एक निघालं होतं. त्यांनी निलेशला दंडाला धरून पुढे ओढलं.

“ह्या पोटऱ्या बघ! आख्ख्या मुळशीत हाय का कुणाची आशी पोटरी? आणि म्हणं धागे मेलेत!”

पोटऱ्या खरंच दांडग्या होत्या. पाहुणा आला की वस्ताद आधी त्याच दाखवत.

“ह्या आजारात पोटऱ्याच फुगतात,” मोनाली म्हणाली.

“दावतो तुला,” म्हणत वस्ताद मातीत बसले. शेजारी काडीसारखा कैलास उभा होता. त्याची पोटरी त्यांनी अंगठ्याने दाबली. कातडीखाली धागे सरकले, एकाला एक लागून, ताठ. “ह्याला म्हणायचं मांस,” ते म्हणाले, आणि ऐटीत निलेशची पोटरी दाबली.

अंगठा फिरवला. परत फिरवला. आत काही सरकेना. सगळा एकच गोळा होता, रबरासारखा. तेल चोळताना रोज हाच गोळा त्यांच्या हाताला लागायचा, आणि ते त्याला ताकद म्हणत आले होते.

“वस्ताद, ऱ्हायलेल्या बैठका मारू का?” निलेशने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो आपणच खाली बसला. उठताना त्याचा हात गुडघ्यावर गेला.

“चढलं! म्हातारं शिडी चढलं!” कैलास ओरडला. हेल अगदी वस्तादांचा. पोरं हसली.

वस्तादांना शिसारी आली, ती कैलासची नव्हे. ते अजून मातीतच होते. पोरांची नजर आपल्यावर आहे, हे त्यांनी सवयीने बघून घेतलं. मग त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला, मग मांडीवर, आणि निलेशच्या शेजारी, सगळ्यांदेखत, ते चढत चढत उठले.

“आता हसा,” ते म्हणाले.